सोमीची ओळ

महिन्याभराने खंडेरावाने शाळेची कडी काढली तेव्हा आत कुबट ओल कोंडून राहिलेली होती. कुडाच्या भिंतीवर वाळवीने मातीची एक लांबच लांब रेघ ओढली होती. फळ्यावर मात्र शाळा बंद झाली त्या दिवशीची तारीख त्याच्याच अक्षरात शाबूत होती, १९६८ सालच्या भाद्रपदातली. मुले एकेक करून आत आली आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर आपापल्या जागी बसली. काही तापातून उठलेली होती, काही नुसतीच हडकलेली. त्याने हजेरी घेतली. बावीस नावांपैकी एकवीस नावांना उत्तर आले.

"नवसी नाय यायची, गुरुजी," चिंतू म्हणाला. या पोराच्या पोटात कोणतीही बातमी टिकत नसे.

"का? बरी नाही का ती?"

"बरी हाय. पन म्हनते, आजीला तिनंच मारली."

मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

"पाटी तिनं घरात घेतली ना," चिंतूने खुलासा केला, जणू गुरुजींनाच गणित सुटत नव्हते. "पाटीसंगं ताप आला. पाड्यात पयली आजीच पडली."

खंडेरावाच्या सदऱ्याच्या खिशात एक पत्र होते. पालघरहून, शिक्षण खात्यातल्या साहेबांकडून आलेले. ते आज मुलांना वाचून दाखवायचे, असे त्याने सकाळी सालवडच्या खोलीतून निघताना ठरवले होते. ते त्याने वाचले नाही. दिवसभर तो बेरजा शिकवत राहिला, आणि प्रत्येक बेरीज फळ्यावर मांडताना त्या घडी केलेल्या कागदाची कड त्याच्या छातीला लागत राहिली.

चार वर्षांपूर्वी तो नगरकडून इकडे आला. थोरला भाऊ बन्सी तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर होता. त्याने सालवडला खोली घेतली आणि धाकट्यालाही बोलावून घेतले. खंडेराव बी.ए. झालेला. कविता वाचणारा, कधी लिहून फाडणारा. रुळांच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरची एकशिक्षकी शाळा त्याच्या वाट्याला आली, तेव्हा तिच्यात चारच मुले होती आणि त्यांतली दोन बकऱ्यांच्या मागे होती. दारोदार फिरून, भाताच्या खाचरांत उभा राहून, गवत कापायला निघालेल्या आयाबापांची मनधरणी करून त्याने ती चाराची बावीस केली. आपल्या आयुष्यात आपण निखालस खरे असे काही केले असेल तर ते हेच, असे त्याला वाटे.

मग तो ताप आला. वर्तमानपत्रे त्याला हाँगकाँगचा म्हणत. तालुक्याहून शाळा बंद ठेवण्याचा हुकूम आला आणि त्यासोबत एक छापील पत्रक. खंडेरावाने ते पाड्याच्या मधोमध उभे राहून मोठ्याने वाचले होते: आजारी माणसाने घराबाहेर पडू नये, दुसऱ्याच्या जवळ जाऊ नये, एकमेकांच्या वस्तू वापरू नयेत.

"ह्ये हांगकांग कुठशी आलं, मास्तर?" नवसीच्या बापाने, जिवल्याने, विचारले होते. "डहाणूच्या पल्याड का?"

"फार पल्याड, जिवल्या. समुद्रापलीकडे."

"मंग हितवर चालत याया त्याला साल लागंल," जिवल्या म्हणाला आणि सगळा पाडा हसला.

बंद शाळा खंडेरावाला सहन होईना. इतक्या कष्टाने बसवलेली मुले पंधरा दिवसांत पुन्हा बकऱ्यांच्या मागे जातील, ही धास्ती खरी होती. शाळेत नऊ दगडी पाट्या होत्या. त्याने त्या नऊ घरांत वाटल्या. पाटीच्या वरच्या अर्ध्यात तो धडा लिहून देई, खालच्या अर्ध्यात मुलाने गिरवायचे. दर तिसऱ्या दिवशी तो पाड्यावर येई, पाटी तपासून पुसून नवा धडा लिही आणि ती पुढच्या घरात देई. पाटी थुंकीने पुसू नका, असे तो वर्षभर ओरडत आला होता. पण घराच्या ओट्यावर कोण बघतो. आणि त्याला स्वतःलाही एक खोड होती. पेन्सिलीचे टोक जिभेला लावून लिहिले की वाळल्यावर अक्षर पांढरेशुभ्र उठते. तसे उठलेले अक्षर त्याला फार आवडे.

चौथ्या फेरीच्या सकाळी त्याची वहिनी सुगंधा दारात आडवी उभी राहिली होती. बन्सी तीन दिवस तापाने अंथरुणावर होता.

"भावजी, डोळे बघा आरशात. लाल झालेत."

"जागरण झालंय."

"आणि खोकला? तोही जागरणाचाच?" तिने हाताच्या पाठीने त्याचे मनगट चाचपले. "कढत लागतंय. लोकांना पत्रक वाचून दाखवलंत, ते आपल्याला नसतं वाटतं?"

"वहिनी, मुलं वाट बघतात."

हे खोटे नव्हते. पण त्या सकाळी मनात दुसरेही काही होते, आणि ते त्याला तेव्हाही ठाऊक होते. 'शाळा बंद, शिक्षण सुरू' या मथळ्याचा अहवाल त्याने पालघरला पाठवायला घेतला होता आणि त्याचे शेवटचे पान अजून रिकामे होते.

ते पान सोमीच्या अंगणात भरले.

सोमी ही जिवल्याची आई, नवसीची आजी. सत्तरीची, वाळक्या शेंगेसारखी खुळखुळ हसणारी. नवसी गिरवत असताना ती पलीकडे नाचणी निवडत बसली होती. एकाएकी सूप बाजूला सारून म्हणाली, "मास्तर, माजं नाव कसं दिसतं? दाव तरी येकदा."

त्याने नवसीची पाटी पुसली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिले: सोमी.

"येवढंच?" म्हातारी म्हणाली. "येवढी वरसं जगले न् नाव चिमनीयेवढं."

नवसी खिदळली. खंडेरावही हसला, हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हातारीच्या शेजारी बसला. तिच्या बोटांत पेन्सिल दिली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि डोक्याला डोके लावून तिच्याकडून नाव गिरवून घेतले. मग तिने हात सोडवून घेतला आणि खाली एक ओळ स्वतः काढली. 'स' पालथा पडला होता, 'म' चालता चालता बसल्यासारखा झाला होता. पण नाव होते. सोमी त्या नावाकडे बघत राहिली आणि खंडेरावाला वाटले की आपण इतकी वर्षे ज्या एका ओळीची वाट बघत होतो ती हीच.

परतताना त्याचा ताप चढला होता. खोलीवर येऊन त्याने अहवालाचे शेवटचे पान लिहिले, टपालात टाकले आणि अंथरूण धरले. उठला तेव्हा कळले की सोमीला तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि आठव्या दिवशी ती गेली. तिच्या पाठोपाठ पाड्यावर आणखी अकरा जण पडले, ते उठले.

ताप सगळीकडेच होता, असे त्याने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले. बोईसरच्या बाजारात होता, गाडीतून उतरणाऱ्या माणसांत होता. पण पाड्यावरून त्या दिवसांत कोणीच बाजाराला गेले नव्हते. पत्रक ऐकून जिवल्यानेच सगळ्यांना अडवले होते. पाड्यात बाहेरून येणारे माणूस एकच होते, आणि त्याच्यासाठी अंगणात घोंगडी अंथरली जात असे.

आता तेच पाप नऊ वर्षांच्या पोरीने आपल्या नावावर करून घेतले होते.

शाळा सुटल्यावर तो पाड्याची वाट चालू लागला. दोन्ही बाजूंना लवकर पिकणारे हळवे भात पिवळे पडू लागले होते. वाटेत त्याने पुष्कळ हिशेब मांडले. खरे सांगितले तर पाडा पोरे पाठवणार नाही. चार वर्षे एका दुपारी बुडतील, एकवीस मुले पुन्हा रानात जातील. न सांगितले तर एकच मूल जाईल. या हिशेबातले शहाणपण त्याला स्पष्ट दिसत होते आणि त्याची किळसही येत होती. नवसीला जवळ घेऊन 'असं काही नसतं' म्हणता आले असते. पण तिने नुसते 'मंग कसं असतं?' असे विचारले असते तर?

जिवल्या अंगणात विळ्याला धार लावत होता. नवसी दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आणि घराच्या बाहेरच्या अंगाला, वळचणीखाली, कारवीच्या कुडात खोचून ती पाटी ठेवलेली होती. तिला कोणी हात लावला नव्हता. वर त्याची ओळ होती, खाली सोमीची.

"या, मास्तर," जिवल्या म्हणाला. "घोंगडी आन गं."

"नको. मी इथूनच बोलतो." तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये त्याला सोडून गेली होती. "नवसी, ताप तू घरात आणला नाहीस. मी आणला. त्या दिवशी मी आजारी होतो."

विळ्यावरचा दगड थांबला.

"तवा ठावं व्हतं तुमाला?" जिवल्याने विचारले.

"हो. वहिनीनं सांगितलं होतं. मलाही कळत होतं."

"मंग का आलात?"

पोरांसाठी, असे तो म्हणणार होता. तोंडही उघडले होते. पण हात खिशाकडे गेला आणि त्याने ते पत्र बाहेर काढले.

"यासाठीही आलो. माझी शाबासकी आहे यात. मी इथं येऊन काय काय केलं ते लिहून पाठवलं होतं. तुझ्या आईनं पाटीवर नाव काढलं, ते साहेबांना सगळ्यात जास्त आवडलं."

"नाव हाय का आयचं त्यात?"

खंडेरावाला कागद उघडावा लागला नाही. ती ओळ त्याला पाठ होती. "नाही. 'एक वृद्ध आदिवासी स्त्री' असं आहे. मीच तसं लिहिलं होतं."

जिवल्याने विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि विळा कुडाला अडकवला. शिव्या आल्या असत्या तर खंडेरावाने त्या निमूट डोक्यावर घेतल्या असत्या. तेवढेही त्याला मिळाले नाही.

"मंग म्या नाय?" नवसीने विचारले. तिने प्रथमच मान वर केली होती.

"नाही. तू नाहीस."

"पाटी म्या घेतली घरात."

"मी दिली म्हणून घेतलीस."

नवसी उठून आत गेली आणि पाण्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा घेऊन आली. तो तिने त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर ठेवला आणि मागे सरली.

"पुसा," ती म्हणाली. "तुमी पुसा."

त्याने पाटी कुडातून काढली. तुंबा उचलला, पण ओतवेना. या जगात सोमीच्या हातचे एवढेच उरले होते.

"थांबा," जिवल्या म्हणाला आणि जवळ आला. "ह्यात आयनं काढलं त्ये कंचं?"

"खालचं."

जिवल्या वाकून पाहत राहिला. त्याला अक्षर येत नव्हते. वरच्या ओळीवरून त्याने नजर खाली आणली, पुन्हा वर नेली, जसे दोन माणसांतले आपले कोणते ते ओळखावे. त्या पालथ्या 'स'च्या वर, न टेकवता, त्याने बोट फिरवले.

"वाकडं हाय," तो म्हणाला.

"हो. पण तिचं तिनं काढलंय."

"पुसा आता. पोर सांगते ना."

खंडेरावाने पाणी ओतले. त्याची स्वतःची ओळ आधी विरघळली. सोमीने पेन्सिल दाबून चालवली होती, तिला दोनदा चोळावे लागले. रुमाल पांढरट झाला. मग त्याने ओली पाटी उन्हात दगडाला टेकवून ठेवली, आणि तिघेही, एकमेकांपासून अंतर राखून, ती वाळेपर्यंत उभे राहिले.

"साळंचं काय त्ये पाडा ठरवंल," जिवल्या शेवटी म्हणाला. "म्या सांगनार सगल्यांना."

"सांग."

दुसऱ्या दिवशी शाळेत तिघे आले. चिंतू त्यांत नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी दोघे. खंडेरावाने पालघरला आणखी एक पत्र लिहिले, या वेळी नाव घालून आणि पहिल्या पत्रात गाळलेले सगळे घालून. त्याचे उत्तर यायचे होते.

चौथ्या दिवशी नवसी आली. एका काखेत पाटी, दुसऱ्या हातात पाण्याचा तुंबा. नेहमीची पुढची जागा सोडून ती दाराशी बसली, जिथून वारा आत येत होता. तुंबा तिने आपल्या आणि गुरुजींच्या मध्ये ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि माफीही नव्हती. ती फक्त शिकायला आली होती.

खंडेराव नेहमीच्या सवयीने तिच्या पाटीवर धडा लिहायला उठला, दोन पावले गेला आणि थांबला. मग मागे वळून त्याने फळ्यावरची जुनी तारीख पुसली आणि तिथेच, मोठ्या अक्षरांत, दारापर्यंत दिसेल असा धडा लिहायला घेतला.