वाचणारीचा घास

मी जळले, हे आधीच सांगून टाकते. उद्या दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपल्या तोंडून गेलेलं बरं.

आमची लाँड्री इस्पितळाच्या पोटात आहे, जमिनीखाली दोन मजले. वरच्या सगळ्या वॉर्डांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले आमच्याकडे येतात. आम्ही अकराजणी. सकाळी सहाला आत गेलो की दोनलाच बाहेर. मध्ये चादरी चोरीला जायला लागल्या, तेव्हापासून जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. कपड्यांची लिफ्ट दहाला एकदा आणि दोनला एकदा येते, ट्रॉली आणि ट्रॉलीवाल्याला घेऊन. भिंतीवर एक इंटरकॉम आहे. तो वरच्या स्टोअरला लागतो, आणि स्टोअरवाला जागेवर सापडला तर समजायचं आज आपला दिवस चांगला. मोबाइलला तर रेंजच नाही. कामाच्या वेळी तो जवळ ठेवायलाही बंदी आहे, कारण एकीचा फोन अभ्र्यांबरोबर मशिनमध्ये गेला आणि स्वच्छ धुऊन निघाला. तेव्हापासून सगळे फोन कपडे बदलायच्या खोलीत फळीवर ठेवायचे आणि अकराला जेवणाच्या सुट्टीत घ्यायचे.

अशा विहिरीत नऊ वर्षं बातमी म्हणजे मी. पहाटे कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून पेपर घ्यायची, आणि अकरा वाजता साबणाच्या रिकाम्या पिंपावर बसून वाचून दाखवायची. बाकीच्या दहाजणी जेवायच्या. वाचणारीला जेवता येत नाही, म्हणून एका डब्याचं झाकण हातोहात फिरायचं आणि प्रत्येकजण त्यात आपल्या डब्यातला एकेक घास ठेवायची. वाचून झालं की झाकण माझ्याकडे यायचं. वाचणारीचा घास, असंच म्हणतो आम्ही त्याला. दहा घरांची चव एका झाकणात. माझा स्वतःचा डबा कित्येक दिवस तसाच घरी जायचा, आणि नवरा म्हणायचा, "तुला घरचं गोड लागेनासं झालंय." मला हसू यायचं. पेपरवाली हे माझं नाव पडलं होतं आणि मला ते माझ्या खऱ्या नावापेक्षा आवडायचं.

मग एकजण काम सोडून गेली आणि तिच्या जागी बारकी आली. चणीने बारीक म्हणून बारकी, नाहीतर दोन मुलांची आई आहे, तिशी उलटलेली. पहिल्या आठवड्यात ती गुमान ऐकत बसली. दुसऱ्या आठवड्यात मी पेपर मिटल्यावर म्हणाली, "ताई, मी एक वाचू का? छोटंसंच आहे."

मी म्हटलं वाच. माझीच जीभ, कुणाला दोष देऊ?

तिच्या फोनमध्ये बातम्यांचं ॲप होतं. कुठकुठल्या पन्नास ठिकाणच्या बातम्या ते एका जागी गोळा करतं, आणि पहाटे घरच्या वायफायवर सगळ्या आत उतरवून ठेवतं. मग खाली पाताळात रेंज नसली तरी वाचता येतात. तिने वाचलं ते एका म्हाताऱ्याबद्दल होतं. घरातून बायकोने घातलेली शिट्टी ऐकू येईल तेवढ्यातच राहता यावं म्हणून त्याने बाग अर्धीच ठेवली होती. सगळ्यांचे हात डब्यात थांबले. मुकादम बाईंनी डोळे पुसले. माझ्या वाचण्यावर त्या बाईने नऊ वर्षांत कधी डोळे पुसले नव्हते. फार तर ढेकर दिला होता.

कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. महिन्याभरात पिंपावर ती आणि खाली मी. माझ्या पेपरात जे छापलं ते सगळ्यांनी ऐकायचं, हिच्याकडे प्रत्येकीचा वेगळा कप्पा. मुकादम बाईंना फुटबॉल, एकीला विणकाम, एकीला बाळंतपणाचा सल्ला. इस्त्रीवरच्या मावशींसाठीसुद्धा काहीतरी कप्पा होता. काय ते मी विचारलं नाही, कारण मी तेव्हा ड्रायरपाशी जाऊन पाठ करून जेवायला लागले होते. ड्रायरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. तेच मला हवं होतं.

तीन आठवडे झाले मी पेपर घेणंच सोडलं. म्हटलं, बघू, कुणी विचारतं का. कुणी विचारलं नाही.

आणि बारकी अशी की रागवायलाही जागा ठेवत नाही. एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, तुमच्या फोनवर टाकून देऊ का? सोपं आहे. हे बघा, निळा ठिपका म्हणजे न वाचलेलं. बोटाने डावीकडे सरकवलं की वाचलेलं झालं, आणि वाचलेलं आपोआप पुसून जातं. फोनमध्ये जागा कमी आहे ना माझ्या." फोन उघडायला पडद्यावर एक काटकोन काढायचा, तोही तिने माझ्यासमोरच काढला. मी म्हटलं, "नको गं बाई, माझे डोळे दुखतात." डोळे कसले, पोटात दुखत होतं.

त्या दिवशी, म्हणजे मागच्या मंगळवारी, पावणेनऊला मी एप्रन बदलायला आत गेले. एप्रनला काही झालं नव्हतं. फळीवर तिचा फोन होता, कोपऱ्यातून तडकलेला. मी काटकोन काढला.

सगळं एकदम पुसायचं बटण असेलही, मला ते सापडलं नाही. म्हणून एकेक बातमी सरकवत बसले. तेहतीस होत्या. खोटं कशाला बोलू, मजा आली. आणि वाईटही वाटलं, कारण बातम्या चांगल्या होत्या. घड्याळ उलटं चालणारं एक गाव. हरवलेलं कासव तेरा वर्षांनी माळ्यावर जिवंत सापडलेलं. कुठलंसं जहाज बंदरात पोचलेलं. सगळ्यांना माझ्या अंगठ्याने डावीकडे ढकललं. शेवटी पडद्यावर लिहून आलं, 'वाचण्यासारखं काही उरलं नाही.' मी फोन होता तसा ठेवला, तडकलेला कोपरा भिंतीकडे, आणि बाहेर आले.

दहाला ट्रॉलीवाला आला आणि गेला. तो गेल्यावर इस्त्रीच्या टेबलाशी सगळ्या गोळा झालेल्या मी ड्रायरकडून पाहिल्या. मध्ये मावशी खुर्चीवर बसलेल्या, आणि बारकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतेय. मला वाटलं, झालं, आता इस्त्रीची माणसंही हिच्या खिशात. जास्तच जोरात ड्रायरचं दार आपटलं.

अकरा वाजले. मी त्या दिवशी मुद्दाम पुढे येऊन बसले, तिची फजिती जवळून बघायला. कुणी डबा उघडला नाही. बारकी धावतच फोन घेऊन आली, पण पिंपावर चढली नाही, मावशींच्या पायाशी बसली.

"बघ गं," मावशी म्हणाल्या. "नीलवाहिनी."

मी शेजारणीला विचारलं, काय चाललंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं जशी मी आजच गावात आलेय. "मावशींचा मुलगा नीलवाहिनी जहाजावर स्वयंपाकी आहे ना. ट्रॉलीवाला सांगत होता, वर टीव्हीवर दाखवताहेत, रात्री समुद्रात मोठं वादळ झालं, जहाजं अडकलीत. नावं त्याला ठाऊक नाहीत. जहाजांची रोजची यादी बारकी उतरवून आणते मावशींसाठी. आज सकाळी बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती, वाचायला जमलं नाही तिला."

बारकीचं बोट पडद्यावर फिरत होतं. वर, खाली, परत वर. "नाहीये," ती म्हणाली. "काहीच नाहीये. मी पहाटे उतरवताना बघितलं होतं, मावशी, तेहतीस होत्या. माझ्याकडूनच काहीतरी झालं. पोरांनी हात लावला की काय."

मुकादम बाईंनी इंटरकॉम उचलला. तो वाजत राहिला. स्टोअरवाला जेवायला गेला होता, आणि तो जेवायला गेला की जेवूनच येतो असं नाही. जिन्याच्या दारावर दोघींनी हात आपटून पाहिले. दोन मजले चढून कुणाला ऐकू जाणार?

"दोनला कळेल," मावशी म्हणाल्या. "तीनच तास." असं म्हणून त्यांनी मांडीवरचा अभ्रा घेतला आणि घडी घालायला लागल्या. चार पदरी घडी घातली, मोडली, परत घातली. तीस वर्षं अभ्रे करणारी बाई, तिची कड कडेला लागेना.

आता माझं काय झालं ते सांगते. ती ओळ मला दिसत होती. डोळे मिटले तरी दिसत होती, निळ्या ठिपक्यासकट. पेपर वाचायची सवय, एकदा नजरेखालून गेलं की राहतं. त्या खोलीत ती बातमी फक्त माझ्याकडे होती. नऊ वर्षं होती तशीच. आणि ती सांगायची म्हणजे कुठून कळली तेही सांगायचं.

मी स्वतःला समजावलं की दोनला कळणारच आहे. मुलगा सुखरूप आहे, तर तीन तासांनी काय बिघडतं? असं म्हणून डब्याचं झाकण उघडायला गेले तर ते माझ्याही हाताने उघडेना. मावशींनी अभ्रा पाचव्यांदा मोडला.

मी उठले आणि पिंपावर जाऊन बसले. का, कोण जाणे. बातमी मला दुसरीकडून सांगता येत नाही.

"नीलवाहिनी पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी बंदरात दाखल," मी म्हटलं. "सर्व बावीस कर्मचारी सुखरूप. डेकचं किरकोळ नुकसान."

मावशींच्या हातातली घडी अर्ध्यावर थांबली.

"परत सांग," मावशी म्हणाल्या.

मी परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. शब्दाला शब्द तोच होता, मी त्यात काही घातलं नाही की काढलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी 'बावीस' माझ्याबरोबर म्हटलं आणि अभ्रा तोंडाला लावला. इतकं मन लावून माझं वाचणं त्या खोलीत कुणीच ऐकलं नव्हतं, आणि माझ्या हातात कागद नव्हता.

मग एकेकीचं तोंड माझ्याकडे वळायला लागलं. हिशोब सोपा होता, लहान मुलालाही जमला असता. मुकादम बाई म्हणाल्या, "तुला कुठून कळलं, पेपरवाली?"

"तिच्या फोनमधून. पावणेनऊला. मीच पुसल्या सगळ्या."

"का?"

"मला बघवत नव्हतं," मी म्हटलं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं, आणि शोधायला वेळही नव्हता.

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्यांनी डबे उघडले. सुट्टीची नऊ मिनिटं उरली होती आणि पुढे दोनपर्यंत काम होतं. मावशींनी डोळे पुसून आपल्या डब्याचं झाकण काढलं, त्यात एक घास ठेवला आणि शेजारणीकडे सरकवलं. "वाचलंय तिने," त्या एवढंच म्हणाल्या. झाकण फिरलं. शेजारणीने ते पुढे दिलं, काही न ठेवता. पुढचीनेही तसंच. मुकादम बाईंनी तर ते दोन बोटांनी ढकललं. हातोहात फिरत ते बारकीपाशी आलं. मी मनात म्हटलं, नको ठेवूस. एवढं तरी माझ्यासाठी कर, नको ठेवूस.

तिने ठेवला. चांगला मोठा, मधला घास, आणि उठून झाकण स्वतः माझ्या हातात आणून दिलं.

दोन घास होते. मावशींचा पटकन गेला. बारकीचा मी सुट्टीची घंटा होईपर्यंत चावत होते.