बारा गाथांची कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. आवाज ओढल्यासारखा येईल, पण ऐकून घ्या. आठ वर्षं लोकांनी वाजवून वाजवून मला पार कामातून घालवलंय.

माझ्यावर आधी वरातीतली गाणी होती. शिरूरच्या एसटी डेपोतले मेकॅनिक बबनराव यांनी शहाण्णव साली माझ्यावर पुन्हा भरता यावं म्हणून माझ्या डोक्यावरच्या दोन भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि त्या गाण्यांवर स्वतःचा आवाज भरला. बबनराव वस्तीचे बौद्धाचार्य. लग्न असो, नामकरण असो, पुढे उभं राहून गाथा तेच म्हणत. माझ्यासाठी हा एवढा खटाटोप त्यांनी केला तो शेजारच्या चांगुणापायी.

चांगुणा मार्केट यार्डात कांदे निवडायला जायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण महामंगल सुत्ताच्या पालीतल्या बाराही गाथा तोंडपाठ म्हणायच्या, हा एकच ध्यास तिनं घेतला होता. म्हणून बबनरावांनी, म्हणजे तिच्या गुरुजींनी, माझ्यावर एकेक ओळ म्हटली आणि प्रत्येक ओळीपुढे तेवढीच जागा मोकळी सोडली. त्या जागेत चांगुणानं म्हणायचं.

रोज पहाटे तिच्या भाकरी थापण्याबरोबर मी चालू. सेल वाचावेत म्हणून ती पेन्सिल घालून मला मागे फिरवायची. यार्डात मी सोबत नसे. तिथे म्हणे एक गाथा झाली की एक कांदा बाजूला मांडायची, बारा झाले की पुन्हा पहिल्यापासून. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्याचं तिनंच गुरुजींना हसत हसत सांगितलं होतं.

रविवारी गुरुजी तिच्या ओट्यावर डोळे मिटून ऐकायला बसत.

"शब्दाच्या मदी दम घिऊ नगंस. परत म्हण."

"माझं डोस्कंच दगडाचं हाय, गुरुजी."

"विहिरीच्या दगडालाबी दोरानं खाचा पडत्यात. रोज म्हण."

चौथ्या वर्षी तिनं मला न लावता बाराच्या बारा गाथा म्हटल्या. गुरुजींचे डोळे भरून आले. "माझ्यामागं विहारात म्होरं उभं ऱ्हाऊन तूच म्हणायचंस," ते म्हणाले. पण ही गोष्ट चार लोकांत त्यांनी कधी काढली नाही. तिथे त्यांचं चुकलं. गुरू असले म्हणून मी ते झाकून ठेवणार नाही.

दोन हजार एक साली गुरुजी वारले. पुढच्याच महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. गुरुजींचा मुलगा धम्मदीप कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. आदल्या दिवशी येऊन त्यानं मला मागून नेलं. बापाचा आवाज ऐकावासा वाटला असेल, असं समजून चांगुणानं मला लगेच दिलं.

दुसऱ्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी विहारात आली.

"धम्मदीप, गुरुजी म्हणालं व्हतं, म्होरं म्या म्हणायचं."

"काकी, आप्पा आमाला असं कवाच बोलले न्हाईत. आन् जाणती माणसं बाईच्या मागं म्हणत्यात व्हय? त्यात तुमाला लिहिता-वाचता येत न्हाई. टेन्शन घिऊ नका, कॅसेट लावलीय. साऊंड एकदम क्लियर हाय."

दर पौर्णिमेला समतेवर भाषण ठोकणारी ती जाणती माणसं शेजारीच उभी होती. त्यांनी टेपपुढे हात जोडले.

आणि मी कर्ण्यातून वाजले. चांगुणासाठी सोडलेल्या जागांमध्ये सगळी वस्ती म्हणू लागली, आणि ती मागच्या रांगेत हात जोडून उभी राहिली. त्या दिवशी तरी टेपनं माझी फीत गिळायला हवी होती. पण नेमकी तेव्हाच मी छान वाजले. आजही त्याची मला लाज वाटते.

तेव्हापासून प्रत्येक कार्यात मीच. बाकीचे दिवस धम्मदीपच्या फळीवर पडून असते. भिंतीपलीकडे चांगुणाचं घर. तिची पहाटेची उजळणी सुटली नव्हती, मला ऐकू यायची.

गेल्या साली फीत गुंतलीच. धम्मदीपनं चुरगळलेला तुकडा कापून टाकला आणि चिकटपट्टीनं मला सांधलं. आईवडिलांची सेवा हे उत्तम मंगल, असं सांगणारी गाथा त्या तुकड्याबरोबर गेली. कुणाच्या गावीही नव्हतं. लोक अकरा गाथा म्हणून खीर खायला मोकळे. मी पुढे निघून गेले तरी एकटी चांगुणा तेवढी गाथा पुरी करायची.

यंदाच्या पौर्णिमेला धम्मदीपच्या सात वर्षांच्या गौतमीनं तिचा पदर ओढला. "आजी, तू चुकतीस. कॅसेटमधी ते न्हाई."

मागे वळून सगळे हसले. चांगुणा खाली बघत राहिली.

बाबांनो, मला आता चुलीत घाला. मी शिकवण्यासाठी होते, शिकलेल्या माणसाची जागा बळकावण्यासाठी नाही. त्या बाईला पुढे बोलवा, आणि जरा लवकर बोलवा. आज पहाटे मी भिंतीपलीकडचं नीट कान देऊन ऐकलं. चांगुणानं अकराच गाथा म्हटल्या.