वरची ओळ

"विष पिऊन मेलास?" ताईने टॅब नाकाजवळ धरून विचारलं. "इतक्या खाली पोहोचून? तू?"

तिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा, नुकताच कामावरून आला होता. बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो पुटपुटला, "चुकून हिरवी बाटली प्यायलो."

"हिरवीत विष आहे हे तुला केव्हाच कळलं होतं. मला शिकवतोस?"

चोरी पकडली गेली. टॅबवरच्या त्या खेळाची हीच खोड होती. तो नुसते गुण मांडत नसे, माणूस कशाने मेला हेही लिहून ठेवी.

खेळ त्याला शिकवला ताईनेच. भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, आणि एकदा मेलं की कमावलेलं सगळं पाण्यात. पुन्हा श्रीगणेशा, तोही नव्या भुयारात, म्हणजे वाट पाठ करायचीही सोय नाही. मागे उरतो फक्त आकडा. त्या आकड्यानेच त्याला वेड लावलं. लिफ्ट चालू असली की तो कुणाच्या खिजगणतीत नसे, बंद पडली की अख्खी इमारत त्याच्या नावाने खडे फोडी. इथे मात्र मेल्यावरही कुणीतरी सांगे, गड्या, कालच्यापेक्षा जरा पुढे गेलास. यादीत वरच्या ओळीत कायम ताईचं नाव. तिला मागे टाकायच्या नादात त्याने कितीतरी जेवणं थंड केली होती.

मग अर्धांगाच्या झटक्यात ताईचा उजवा हात गेला. आणि काल तो तिच्या आकड्याला भिडला, तेव्हा त्याला धडकीच भरली. तिच्याकडे उरलेलं तेवढंही आपणच घ्यायचं? त्याने ती हिरवी बाटली तोंडाला लावली.

"हात गेलाय माझा, अक्कल नाही," ताई म्हणाली. "तुझी बायको घास भरवते, नर्स बाळासारखी गोंजारते. तू एक तरी भांडायला राहा की रे!" तिचा आवाज चिरकला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं. मग नंतर रडायचं नाही."

"खेळ मुकाट्याने."

तो जीव तोडून खेळला. "गाढवा, डावीकडे!" ताई शेजारून ओरडत होती. चहा गार झाला. शेवटी एका अजगराने त्याला गिळलं आणि वरची ओळ बदलली. ताईचं नाव एक घर खाली सरकलं. जिंकल्यावर घरभर नाचायचं असं त्याने ठरवून ठेवलं होतं, पण आता त्याने नुसता टॅब तिच्यापुढे धरला.

ताईने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "अजगर," ती म्हणाली. "हे मरण शोभतं तुला."

मग तिने टॅब ओढून मांडीवर घेतला आणि डाव्या हाताच्या बोटाने चाचपडत भुयारात उतरली. पहिल्याच खोलीत एका उंदराने तिला मारलं.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"गप बस," म्हणत तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.