सगळ्यात आधी तुटलेला दोर

मित्रांनो, दोर ओढून तोडणे हाच माझा जन्मभराचा उद्योग. मी दोरखंडाच्या कारखान्यातले ताणयंत्र आहे, आता पुरते म्हातारे झालेले. मला दोन पोलादी जबडे आहेत. त्यांत दोराची टोके धरायची आणि तो तुटेपर्यंत ओढायचा. त्याने किती भार सोसला, ते माझ्या तबकडीवरचा काटा दाखवतो.

ओतशाळेत माझा सांगाडा घडला, तेव्हा वाटले होते की मी काहीतरी बनवीन. इथे येऊन बघते तर काय, माझे काम तोडायचे! आधी वाईट वाटले. पण प्रत्येक दोर वेगळ्याच भाराला तुटतो हे पाहिले आणि मला त्याची गोडी लागली. पुढचा कधी तुटेल?

कारखान्याचे मालक काका नेहमी फक्त सरासरी विचारत. मग त्यांची पुतणी संख्याशास्त्र शिकून तपासणीला आली. ती तुटलेले तुकडे टेबलावर भाराच्या क्रमाने मांडी. सगळ्यात कच्चा डावीकडे, सगळ्यात पक्का उजवीकडे. ही रांग कशासाठी, याचे मला भारी कुतूहल.

एकदा नव्या धाग्याचे दोर वळले. उंच इमारती रंगवणारे त्यांवर लटकणार होते. सरासरी जुन्या दोरांपेक्षा जास्त भरली. काका खूश.

"पाठव माल!"

"काका, थांबा. जुने-नवे एकाच रांगेत लावलेत, बघा ना. उजवीकडे नवेच आहेत, पण डावीकडचं टोकही नव्यांनीच अडवलंय."

"अगं, दोन-चार कच्चे निघायचेच. योगायोग असेल."

"असेलही. पण दोन्हींत फरक नसता, तर रांगेत सरमिसळ झाली असती. चिठ्ठ्या टाकून दुसरी बंडलं काढते, पुन्हा ओढून बघू."

"आणि सरासरी चांगली आहे त्याचं काय?"

"माणूस सरासरीला लटकत नाही, काका. हाती येईल त्या एका दोराला लटकतो."

पुन्हा ओढले. पुन्हा तेच! तेव्हा काकांनी चष्मा चढवला आणि डावीकडचे तुकडे एकेक करून उकलले.

"हे बघ, धाग्यांचे सांधे. सगळे एकाच जागी आलेत. म्हणून तिथेच तुटतो."

"मला रांगेवरून कच्चे कोणते ते कळलं, काका. का, ते नसतं कळलं."

माल अडला. रंगाऱ्यांचा मुकादम येऊन आदळआपट करून गेला. सांधे दूरदूर ठेवून नवे दोर वळले, तेव्हा त्यांतला सगळ्यात कच्चाही जुन्यांच्या बरोबरीला आला. माल न्यायला आलेल्या मुकादमाच्या हातात पुतणीने तो आधीचा, सगळ्यात आधी तुटलेला तुकडा ठेवला. मुकादमाने तो उलटासुलटा करून पाहिला.

"माझा धाकटा भाऊ चढणार होता यावर," एवढेच म्हणाला.

आता पडद्यावर आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आहे. मी कोपऱ्यात असते, शिकाऊ मुलींच्या सरावापुरती. परवा जबड्यात तेलकट धूळ साचली होती, म्हणून एक धडधाकट दोर न तुटताच निसटला आणि माझ्या काट्याने खोटाच लहान आकडा दाखवला. माझी मलाच लाज वाटली.

म्हणून सांगते, मित्रांनो, आमचे जबडे पुसत जा. आणि रांगेतला पहिला आकडा फारच लहान दिसला, तर तो खोडण्याआधी एवढे बघा: माझ्या धुळीने तो आला, की दोर खरेच कच्चा आहे?