कुणाला काढता?

माझी बायको सुभद्रा गेली त्या दुपारी अझरबैजानची मोटारींची शर्यत होती. ती लालबाग मार्केटात कोथिंबीर आणायला गेली होती आणि मी टीव्ही लावून बसलो होतो. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या तेवढ्यात भाजीवालीचा फोन आला. "काका, काकू खाली बसल्यात. उठत नाहीत."

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच सगळं संपलं होतं. मी त्यांना म्हटलं, "पण आज रेस आहे." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सोबत कोण आहे ते विचारलं. मी असं का बोललो, मला अजून कळत नाही.

शिवडीच्या एका गोदामात ती कारकून होती. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करायची. रेसच्या गाड्याही अशाच पेट्यांत भरून देशोदेशी जातात हे कळल्यावर ती रेस बघायला लागली. तिच्यामुळे मीही.

आपल्याकडे नोएडाला तीन वर्षं शर्यत झाली. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं आम्ही म्हणत राहिलो. मग ती बंदच झाली. तेव्हापासून माझं एकच म्हणणं होतं, भारताला परत घ्यायला पाहिजे. एवढा मोठा देश, ट्रॅक तयार.

"घ्या ना," ती म्हणायची. "पण वर्षाला शर्यती चोवीस. एक आत, तर एक बाहेर. कुणाला काढता?"

"मोनॅको. कोणी कोणाच्या पुढे जात नाही. आपल्या अरुंद चिवडा गल्लीत वरात अडकल्यासारखं."

"अहो, तिथले लोक त्या वरातीची वर्षभर वाट बघतात."

"मग अमेरिका. तीन-तीन कशाला त्यांना?"

"तिघांतली कुठली? आणि तिथल्या माणसाला तोंडावर सांगाल? आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

त्या दुपारी मी अझरबैजान म्हटलं. ती पिशवी घेऊन दारात उभी होती. "आल्यावर नीट कारण सांगा. पटलं तर या वेळी मी मानेन." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा असं म्हणाली होती.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून होते. एकही खाली येईना. मुलगी जुई हात जोडून म्हणाली, "आई, बाबांना मी एकटं नाही ठेवणार." काही नाही. सुभद्राचा भाऊ राजरत्न गावाहून आला होता. तो म्हणाला, "ताई, घराची कौलं यंदा बदलतो." तरी काही नाही. ऊन चढलं. मागे दुसरी माणसं थांबली होती.

राजरत्नाने मला कोपराने ढोसलं. "भावोजी, तुमचं ते रेसचं काहीतरी राहिलं असेल."

"ही काय वेळ आहे?"

"तिची वेळ आहे. बोला."

गुरुजी म्हणाले, "काका, जे असेल ते मोकळेपणी बोला. आम्ही सगळं ऐकलेलं असतं."

मी पुढे झालो. "सुभद्रा, भारताला घ्यायचं आणि..." एक कावळा भिंतीवरून उतरला. पिंडापासून हातभर लांब येऊन उभा राहिला. जुईने माझं मनगट धरलं. मला फक्त अझरबैजान म्हणायचं होतं. एक शब्द, आणि ती सुटली असती. पण मला तिथे बाकू शहरात, शर्यतीच्या रस्त्यावरच्या एखाद्या घरात टीव्हीसमोर बसलेला माझ्यासारखाच कोणीतरी दिसायला लागला, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिच्यासाठीसुद्धा फुटला नाही.

कावळा उडून गेला.

"बाबा, काहीही सांगायचं होतं," जुई म्हणाली. "खोटं सांगायचं."

"तिला खोटं चालत नव्हतं."

बराच वेळ गेला. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. "शास्त्राला चालतं," ते म्हणाले. राजरत्न पाठ फिरवून उभा राहिला.

तेराव्यानंतर जुईने एका संध्याकाळी टीव्ही लावला. शर्यत सिंगापूरची होती. मी पूर्ण पाहिली.

सुभद्राला उत्तर द्यायचं राहिलं आहे.