फुलपाखरांचा डॉक्टर

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे शोकसभेच्या सकाळी, फ्लेक्स आला, आणि त्यात पुंजाजींना पंख फुटले होते.

फ्लेक्स नितेशनं केला होता. नितेश म्हणजे पुंजाजींच्या मुलाचा, अश्विनचा, मावसभाऊ. अकोल्यात त्याचं डिझाइनचं दुकान आहे, आणि वाढदिवस असो की मयत, रिकामी जागा त्याला सोसत नाही. त्यानं मागं निळं आभाळ टाकलं, आभाळात एक भलंमोठं फुलपाखरू सोडलं, आणि पुंजाजींचा ओळखपत्रावरचा फोटो नेमका त्या फुलपाखराच्या धडावर बसवला. त्यामुळे जिल्हा परिषदेचे निवृत्त हेडक्लार्क चष्मा लावून, खिशात पेन खोचून, दोन नारिंगी पंख पसरून हवेत तरंगत होते. खाली लिहिलं होतं : 'शोकाकुल – फुलपाखरूतज्ज्ञ डॉ. अश्विन व समस्त परिवार.'

"कसा झाला?" नितेशनं विचारलं.

"बाबा उडून राहिले याच्यात."

"मंग? वरतच गेले ना ते?"

उडण्याला अश्विनची हरकत नव्हती. अडचण वेगळीच होती. अश्विनला फुलपाखरांतलं फारसं काही कळत नव्हतं. त्याची डॉक्टरेट शेणकिड्यांवर होती. आणि आज विहाराच्या हॉलमध्ये, सगळ्या लोकांसमोर, माइकवर हेच सांगायचं असं त्यानं पक्कं केलं होतं. बाबा गेले, आता त्यांचं खोटंही त्यांच्याबरोबर जाऊ द्यावं.

पुंजाजींचं शेणाशी वैर जुनं. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात त्यांची आई दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढायची, आणि शाळेत जाण्याआधी एक टोपलं पुंजाजींच्या डोक्यावर असायचं. टोपलं गळकं होतं. मास्तर त्यांना खिडकीजवळ बसवायचे; बाहेरच्या बाजूनं. नोकरी लागली त्या दिवसापासून पुंजाजींनी शेणाला हात लावला नाही. अकोल्यात घर घेताना तिसरा मजला घेतला, कारण तिथवर गाय चढत नाही. एकदा एक गोऱ्हा जिन्यानं पहिल्या मजल्यापर्यंत आला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये चौथा मजला मिळतो का याची चौकशी केली होती.

अशा माणसाच्या मुलाचा जीव शेणकिड्यावर जडला.

अमरावतीला शिकत असताना एकदा ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, त्यानं एक किडा पाहिला होता. डोकं खाली, मागचे पाय वर, आणि उलटा चालत शेणाची गोळी लोटत होता. आपण कुठं चाललो हे दिसत नसताना एवढ्या खात्रीनं जाणारा प्राणी अश्विननं तोवर फक्त विद्यापीठातच पाहिला होता. तो त्याच्या मागं गेला आणि मग जातच राहिला. काम सोपं होतं. प्लास्टिकचा ग्लास काठापर्यंत जमिनीत पुरायचा, वर काडीला ताज्या शेणाची फडक्यातली पुरचुंडी टांगायची, आणि वासानं येऊन आत पडलेले किडे ओळखायचे. पातूरच्या डोंगरातल्या जंगलात ग्लास भरून जायचे : गोळी लोटत नेणारे, शेणाखालीच भुयार खणणारे, आणि शेणातच संसार थाटून कुठंही न जाणारे. ई-क्लासवर गर्दी कमी. कपाशीच्या वावरात बैल जाऊन ट्रॅक्टर आला होता. तिथं ग्लासात एखादा वाट चुकलेला. जिथं ढोरांना गोचिडांसाठी इंजेक्शनं टोचत, तिथल्या शेणात किड्यांची पिल्लं मरायची आणि शेण कोणी न नेता तिथंच वाळून पापड व्हायचं.

घरी त्यानं "कीटकांवर आहे" एवढंच सांगितलं होतं. मग पीएचडीची तोंडी परीक्षा आली. ती सर्वांसाठी खुली असते. पुंजाजी इस्त्रीचा सफारी घालून, बायकोला, इंदूबाईंना घेऊन अमरावतीला आले आणि पहिल्या रांगेत बसले. दिवे मालवले. पहिलं चित्र पडद्यावर आलं. शेणाचा पो, ताजा, भिंतीएवढा. फोटो चांगला आला होता. कडेला थोडी वाफही दिसत होती.

पुंजाजी उठले. खुर्चीचा आवाज न करता बाहेर गेले आणि दार हळूच लावून घेतलं. इंदूबाई बसून राहिल्या. कोणीतरी बसायला हवं होतं.

त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये ओळखीचं कोणी भेटलं. त्यानं विचारलं, "पोरगा कशात डॉक्टर झाला?" पुंजाजी म्हणाले, "फुलपाखरात."

हेडक्लार्कनं एकदा नोंद केली की ती खोडत नाही. तिच्या जोडीला कागद लावतो. पुंजाजींनी वाचनालयातून फुलपाखरांची पुस्तकं आणली. गॅलरीत कढीपत्ता आणि लिंबाच्या कुंड्या लावल्या, कारण त्यांच्या पानांवर अळ्या वाढतात. कॉलनीतली पोरं शाळेचा प्रकल्प घेऊन यायला लागली. मग त्यांनी टेलरकडून मच्छरदाणीच्या कापडाची जाळी शिवून घेतली, झाडूच्या दांड्याला बसवली आणि अमरावतीच्या बसमध्ये ड्रायव्हरजवळ दिली. अश्विननं ती त्याच बसनं परत पाठवली. तेव्हापासून इंदूबाई त्या जाळीनं गॅलरीतून शेजारच्या शेवग्याच्या शेंगा काढत.

त्यानंतर तो घरी आला तेव्हा त्यानं विषय काढलाच.

"बाबा, लोकाइले खोटं काहून सांगता तुमी?"

"खोटं कशाचं? दोन्ही किडेच ना."

"मले लाज नाही वाटत माह्या कामाची."

"तुले काहून वाटीन? तुह्या डोक्यावर टोपलं कुठी होतं?"

अश्विननं शास्त्र काढलं. "फुलपाखरं बी शेणावर बसतात, बाबा. क्षार घ्याले. फोटो आहे माह्याजवळ. दाखवू?"

पुंजाजींनी पेपरची घडी घातली, चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला.

"बसत असतीन," ते म्हणाले. "माहं नाही बसत."

पुढं फोनवर दोघांचं एवढंच चालायचं : जेवला का, हो, तुमी जेवले का, हो.

पुंजाजींचं हृदय थांबलं तेव्हा अश्विन पातूरच्या डोंगरात, रेंज नसलेल्या जागी, कोपरापर्यंत हात जमिनीत घालून बसला होता. डांबरी रस्त्यावर आल्यावर फोन थरथरायला लागला तो थांबेचना. तो तसाच अकोल्याला आला. सगळे त्याच्यासाठीच खोळंबले होते. त्यानं खालच्या नळावर साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, कोणीतरी दिलेल्या निरम्यानंही धुतले. नखांतलं शेण जात नव्हतं. शेवटी लोक म्हणाले, "चाल बापा, उशीर होऊन राहिला." जिना अरुंद होता. तिसऱ्या मजल्यावरून बापाला उतरवताना डोक्याकडची बाजू अश्विनकडं आली. ज्या वासापासून हा माणूस तीन मजले वर चढला होता, तो वास खाली उतरताना त्याच्या उशाशी होता.

हे सगळं सांगून टाकायचं, एवढंच आता अश्विनला हवं होतं.

हॉलमध्ये वंदना झाली. मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. पहिले उठले जानराव, पुंजाजींच्या ऑफिसातले, रोजच्या सकाळच्या फिरण्यातले. "माह्या मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं," ते म्हणाले, "तं पुंजाजी रोज येऊन मले बाहेर कोणतं फुलपाखरू उडून राहिलं ते सांगे. पट्टी सुटल्यावर पाहतो तं एकबी नाही. म्या म्हनलं, पुंजाजी, हे काय? तं म्हने, कालपरयंत होते." लोक हसले आणि हसता हसता नाकं पुसू लागले. खालच्या मजल्यावरची कॉलेजातली प्राजक्ता लिंबाची कुंडी घेऊन आली होती. काकांनी लावायला दिलेली. तिच्या पानावर एक हिरवी अळी खात होती. तिला माइकवर काही बोलता आलं नाही. तिनं कुंडी फ्लेक्सखाली ठेवली आणि ती जाऊन बसली.

मग अश्विनचं नाव पुकारलं गेलं.

"माझे वडील सांगायचे, मी फुलपाखरांचा डॉक्टर आहे," त्यानं सुरुवात केली आणि तो थांबला. पुढचं वाक्य तयार होतं. मागं पंखा चालू होता आणि वाऱ्यानं फ्लेक्स हलत होता. पुंजाजींचे पंख खरोखर हलत होते. समोर कुंडीतली अळी खात होती.

"तर एक फुलपाखरू आहे," तो म्हणाला. "आपल्या पातूरच्या जंगलात. ते जमिनीत राहतं."

जानरावांनी मान डोलावली.

"नर आणि मादी मिळून खोल भुयार खणतात. वरची घाण डोक्यानं ढकलत खाली नेतात. आपल्या वजनाच्या कितीतरी पट. खाली तिचा गोळा करतात. गोळ्यात अंडं घालतात आणि वरून लिंपून घेतात. पिल्लू त्या गोळ्याच्या आतच जन्मतं. त्याला वाटतं, जग गोल आहे आणि चारही बाजूंनी खायचंच आहे. कोणीतरी हे डोक्यावर वाहून आणलं, हे त्याला कळत नाही. कळणार कसं? गोळ्याला खिडकी नसते."

इंदूबाई त्याच्याकडं एकटक बघत होत्या.

"मग पाऊस पडतो. गोळा मऊ होतो, तो फोडून ते बाहेर येतं. अगदी चकचकीत, अंगाला कुठं डाग नाही. बापाला वाटत असेल, सुटलं एकदाचं. पण ते पंख उघडतं आणि वासाच्या मागं उडत पुन्हा तिथंच जातं, जिथून बापानं..." माइकनं शिट्टी मारली. कोणीतरी उठून माइक ठीक केला.

"दादा, त्याचा रंग कोणता असतो?" प्राजक्तानं विचारलं.

"काळा. उन्हात जरासा हिरवा दिसतो."

"आणि नाव?" जानरावांनी विचारलं.

नाव त्याच्या जिभेवर होतं. त्यानं मागं वळून फ्लेक्सकडं पाहिलं.

"अजून ठेवलं नाही," तो म्हणाला.

खुर्च्या एकात एक गेल्यावर इंदूबाई त्याच्याजवळ आल्या.

"ते शेणकिड्याचंच होतं ना?"

"हो."

"मले वाटलंच. फुलपाखरू कायले खड्डे खंदते?"

"आई, बाबा असते तर?"

इंदूबाईंनी खरोखर विचार केला. "उठून गेले असते," त्या म्हणाल्या.

"दाराजोळ तरी थांबले असते?"

"नाही. स्टँडवर गेले असते. त्या दिवशी बी स्टँडवरच सापडले मले. बसमंधी. तीन जागा धरून बसले होते. एका जाग्यावर रुमाल, एका जाग्यावर चष्म्याचं घर."

"तिसरी कोणाची?"

"तुही. डॉक्टर झाला तं घरी येईन म्हने. तू दोस्ताइसंगं पार्टीले गेला. बस भरली, लोकं भांडले, पण त्याइनं कोणाले बसू देल्लं नाही. अकोल्यापरयंत खालीच आणली ते जागा."

अश्विन दुसऱ्या दिवशी अमरावतीला निघाला. जंगलात पुरलेले ग्लास त्यानं आणखी काही दिवस तसेच राहू द्यायचं ठरवलं होतं. नितेशनं गुंडाळी करून दिलेला फ्लेक्स त्याच्या काखेत होता. नारिंगी पंखाचं एक टोक बाहेर डोकावत होतं. त्यानं खिडकीची जागा फ्लेक्सला दिली आणि स्वतः शेजारी बसला.

मूर्तिजापूरला गर्दी चढली. हातात पिशव्या असलेल्या एका बाईनं गुंडाळीकडं बोट दाखवलं.

"भाऊ, हे उचलता का जरासं?"

"नाही जमत, मावशी," अश्विन म्हणाला. "बाबा बसले आहेत."

बाईनं गुंडाळीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. तिनं वरचा दांडा धरला आणि ती अमरावतीपर्यंत उभी राहिली.