बाईंचा आवाज माझ्या पोटात होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना असण्याची मला लाज नाही. माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो, कळफलकावरची दोन अक्षरं पार झिजून गेलीत, त्याचंही काही नाही. वय झालं की असं व्हायचंच. मला लाज वाटते ती माझ्या तोंडाची, म्हणजे पडद्याची. खरं असो नाहीतर खोटं, तो दोन्ही सारख्याच उजेडात दाखवतो. माणूस खोटं बोलताना निदान अडखळतो, नजर चुकवतो. मला तेवढंही जमत नाही. माझ्या या तोंडापायी एका भल्या माणसाला स्वतःच्याच घरात मान खाली घालून वावरावं लागलं. ते सांगायलाच आज बसलोय.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग एकेक करून बसवले, स्क्रू आवळले, वीज सोडून पाहिली. मी पहिल्या फटक्यात चालू झालो तेव्हा त्यातली एक म्हणाली, "हा गुणी निघणार बघ." मग खोक्यात बसून, धक्के खात, मी आधी एका दुकानात आलो आणि तिथून या घरी.

घर म्हणजे खाली चष्म्यांचं दुकान आणि वर दोन खोल्या. दुकान काकांचं. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. संध्याकाळी शिकवणीला येणारी पोरं त्यांना 'बाई' आणि त्यांच्या यजमानांना 'काका' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांची लेक परगावी नोकरी करते. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. धूळ बसू नये म्हणून बाईंनी जुन्या चादरीतून माझ्यासाठी अभ्रा शिवला. बाळसं धरलेल्या पोराला अंगडं घालावं तसा तो मला चढवायच्या.

काय दिवस होते ते! बाई माझ्यावर प्रश्नपत्रिका करायच्या, मुळाक्षरांचे तक्ते करायच्या, पोरांच्या गोष्टी लिहायच्या. "बाईंच्या कॉम्प्युटरला सगळं येतं," असं एक चिमुरडी म्हणाली तेव्हा माझा पंखा उगाचच जोरात फिरला. फुशारलो होतो, दुसरं काय!

दुकानदाराने माझ्यात एक अँटिव्हायरस घालून दिला होता. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल तपासायची, चोर ओळखायचा आणि त्याला दारातच धरायचं, हे त्याचं काम. गडी इमानदार होता. कामाशी काम, गाजावाजा नाही. पण त्याची मुदत वर्षाची होती. वर्ष भरलं तसा तो रोज कोपऱ्यात येऊन सांगायला लागला, "माझी मुदत संपली आहे, नूतनीकरण करा." काका तो चौकोन दिसला की 'नंतर आठवण करून द्या' वर टिचकी मारायचे. पुढे तो बिचारा सांगायचाही थांबला, आणि माझं दार सताड उघडं राहिलं.

इथे काकांविषयी सांगायलाच हवं. माणूस लाखात एक. पण त्यांना कोणालाही 'नाही' म्हणवत नाही. दारावर कोणी काही विकायला आलं की घेतलंच. रस्त्यात कोणी कागद हातात दिला की घडी करून खिशात घातलाच. बाई हसून म्हणायच्या, "तुम्हाला बोलायला शिकवताना 'नाही' शिकवायचं राहिलंच वाटतं!" धंद्यात मात्र काकांच्या डोळ्यांत तेल असायचं. नकली फ्रेम ते नुसती बोटांनी ओळखायचे. गिऱ्हाइकांना बजावायचे, "चमक बघू नका. कोणी बनवलीय ते बघा, आणि उद्या मोडली तर कोणाकडे जायचं ते विचारून घ्या." सगळी गल्ली त्यांचा सल्ला घ्यायची.

मग बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ज्या बाईंचा अर्धा जन्म बोलण्यात गेला, त्यांच्यासमोर हे वाढून ठेवलेलं. काका खुर्चीत बसले ते उठेचनात. लेक मात्र धावत आली आणि म्हणाली, "आई, आपण तुझा आवाज साठवून ठेवू. नंतर टॅबवर बोट ठेवलंस की तूच बोलशील."

आणि त्या दोघी माझ्यापुढे बसल्या. खिडक्या लावल्या, पाठीमागे जाड पांघरूण टांगलं, छताचा पंखा बंद केला. मीही जमेल तेवढा गप्प राहिलो. बाईंनी वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव घेतलं. 'पुस्तकं उघडा' म्हणाल्या, 'शाब्बास' म्हणाल्या, अंगाई म्हटली, खोकल्या, पुन्हा म्हटली.

"रागावायचं पण घे गं," त्या लेकीला म्हणाल्या, "नाहीतर पोरं डोक्यावर बसतील माझ्या."

"कुणावर रागावतेस?"

"तुझ्या बाबांवर. त्यांच्यासाठी मला तयारी लागत नाही."

हसल्या, तेही मी साठवलं, सगळं एकाच खणात, म्हणजे फोल्डरमध्ये. जाताना लेकीने काकांना बजावलं, "बाबा, याची एक प्रत आजच्या आज पेनड्राइव्हवर घ्या." काका म्हणाले, "घेतो, घेतो." त्यांनी नाही म्हटलं नाही. घेतलीही नाही.

शस्त्रक्रिया पार पडली. बाई अजून दवाखान्यातच होत्या. एका दुपारी काका दुकान बंद करून वर आले आणि माझ्यासमोर बसले. त्यांना फक्त बाईंचा आवाज ऐकायचा होता. पण कुठूनतरी आलेला लाल चौकोन माझ्या तोंडावर उमटला: 'सावधान! तुमच्या फायली धोक्यात आहेत. मोफत संरक्षण देऊ का?'

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "हो, द्या ना," ते मोठ्याने म्हणाले आणि 'हो' दाबलं. एक अँटिव्हायरस आला. लगेच दुसऱ्याने विचारलं, त्यालाही हो. "एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा असेल," काका पुटपुटले. मित्रांनो, हे दोघे पहारेकरी चोर बघायच्या आधी एकमेकांचीच गचांडी धरून बसले. त्यांच्या ओढाताणीत मी एवढा मंदावलो की काकांना वाटलं, लागण वाढतेय. तेवढ्यात तिसरा आला. हिरवी ढाल, मोठ्ठी बरोबरची खूण. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ठिकाणा नाही. तो पहारेकरी नव्हताच, पहारेकऱ्याचे कपडे घातलेला चोर होता. त्याने विचारलं, 'सर्व ध्वनिफायलींना लागण झाली आहे. साफ करू?'

काकांना बाईंचा आवाज वाचवायचा होता, म्हणून त्यांनी 'हो' दाबलं. वर "आभारी आहे" असंही म्हणाले.

आणि तो खण रिकामा झाला.

काका बघतच राहिले. त्यांनी खण उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि मला होती. माझ्या हार्ड डिस्कवरून काही पुसलं की फक्त त्याचं नाव जातं. तो ऐवज तिथेच पडून असतो, जोवर त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही. बाईंचा आवाज अजून माझ्या पोटात होता! त्या क्षणी मला कोणी बंद केलं असतं आणि जाणत्याला फोन केला असता, तर सगळा परत मिळाला असता.

पण काका कोणाला सांगणार? नकली माल ओळखणारा म्हणून ज्याच्याकडे गल्ली बघते, त्याने सांगायचं की मला एका हिरव्या ढालीने गंडवलं? बायकोचा आवाज मी माझ्या हाताने पुसला? त्यांची जीभच रेटेना. ते रोज माझ्यासमोर बसायचे आणि 'हरवलेल्या फायली परत आणा' असं कुठला प्रोग्रॅम म्हणाला की तोही माझ्यात घालायचे. नवं काही आलं की ते बाईंच्या शब्दांवर जाऊन बसायचं. आज एक नाव गेलं, उद्या अंगाईची ओळ. 'बंद करा मला, वायर ओढा, लेकीला सांगा!' मी आतल्या आत ओरडत होतो, आणि माझ्या तोंडावर काय दिसत होतं? 'कृपया प्रतीक्षा करा.' अशा तोंडाची लाज वाटू नये तर काय वाटावं?

बाई घरी आल्या. गळ्याला पट्टी, हातात पाटी. लेकही टॅब घेऊन आली. तिने मला चालू केलं, आणि मी उठायलाच एवढा वेळ लावला की ती वैतागली.

"काय झालंय याला?"

"म्हातारा झालाय तो," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "खटारा झालाय अगदी."

मला राग आला नाही, मित्रांनो. त्यांचा आवाजच इतका बारीक झाला होता.

लेकीने खण उघडला. रिकामा. तिने सगळीकडे शोधलं, मग माझ्यावर हात आपटला. "गिळलं याने सगळं! थांब, हा पूर्ण पुसून काढते आणि नव्याने सुरू करते. पेनड्राइव्हवर प्रत आहेच ना, बाबा?"

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. लेकीचं बोट कळफलकावर गेलं, आणि काका एकदम ओरडले, "नको! पुसू नकोस!"

त्या घरात त्यांच्या तोंडून 'नको' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"त्याची काही चूक नाही," ते म्हणाले. "मी केलंय. प्रत मी घेतलीच नाही. ते चौकोन विचारत गेले आणि मी हो म्हणत गेलो. लाज वाटली म्हणून बोललो नाही गं." आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी पाटी बाजूला ठेवली आणि काकांच्या पाठीवर हात ठेवला.

लेकीने संगणक दुरुस्त करणाऱ्या एका बाईला फोन लावला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "आधी वायर काढा. आत्ता." माझ्यापुढे अंधार झाला, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

दुरुस्तीवालीने माझी हार्ड डिस्क काढून तिच्या यंत्राला जोडली. "हे झालं कधी?" तिने विचारलं.

"आठवडा झाला," काका म्हणाले.

"त्याच दिवशी सांगितलं असतं, तर एक अक्षर गेलं नसतं, काका." ती रागावून बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

बराचसा आवाज परत मिळाला. मुलांची नावं मिळाली, शाब्बास मिळालं, रागावणं मिळालं, अंगाईही थोडी तुटकी का होईना मिळाली. तिने माझ्यातला सगळा केरकचरा काढला आणि एकच अँटिव्हायरस घातला. "एकच. दोन ठेवले की भांडतात. आणि जो स्वतःहून दारात येऊन घाबरवतो, त्याला घरात घ्यायचं नाही. आपण शोधायचा, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचा. तटस्थपणे तपासणाऱ्या संस्था असतात, त्यांनी काय म्हटलंय ते बघायचं. रोज नवे चोर येतात, तेव्हा तो रोज ताजा होतो का ते बघायचं. मुदत संपली की 'नंतर' नाही. फोनलाही हेच लागू." काका शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होते. "चमक बघायची नाही," ते हळूच म्हणाले. "कोणी बनवलाय ते बघायचं."

सगळं ऐकून झालं तरी बाई काहीतरी शोधत होत्या. एका फाइलीचं नाव होतं 'हाक'. लेकीने ती लावली. नुसती खरखर. पुन्हा लावली, पुन्हा खरखर.

"कोणाची हाक, आई?"

बाईंनी पाटी घेतली. दोनच अक्षरं लिहिली आणि पाटी काकांकडे वळवली.

'अहो'.

लेकीने टॅब पुढे ओढला. म्हणाली, "टॅबमध्ये एक तयार आवाज आहे, त्यात घालू?" बाईंनी मान हलवली. नको. तो शब्द परक्या बाईच्या तोंडून त्यांना चालणार नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारख्याला चांगला पहारेकरी द्या, नीट पारखून द्या, आणि जे लाखमोलाचं आहे त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. एवढं करूनही कधी फसलात, तर हात जोडून सांगतो, त्याच क्षणी मला बंद करा आणि घरच्यांना सांगा. फसवणाऱ्याने जेवढं नेलं, त्याहून जास्त या घरातून लाजेने नेलं.

आता काकांना बोलवायचं असलं की बाई माझ्या टेबलावर बोटाने टकटक करतात. काका खालून "आलो, आलो" म्हणतात. जिन्यात क्षणभर थांबतात, आणि मग वर येतात.